भिंगारदिव्यांची चाळीस माणसं

चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी वाशीतल्या ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेत मी जो गोंधळ घातला, त्याबद्दल त्या मंडळींनी मला केव्हाच माफ केलं आहे. मी स्वतःला अजून केलेलं नाही.

शेजारच्या भिंगारदिव्यांच्या धाकट्या मुलीचा बाप्तिस्मा होता आणि शेजारी म्हणून मला आमंत्रण होतं. त्यांचं चर्च तेव्हा बांधलेलं नव्हतं. एका शाळेचा हॉल दर रविवारी भाड्यानं घेत. बाकं तिसरी-चौथीच्या पोरांची. बसताना माझा गुडघा बाकाच्या खणात अडकला तो अडकलाच. पाळकसाहेब समोर उभे राहून, पुढच्या प्रभुभोजनाच्या विधीत कोणी भाग घ्यावा आणि मनात पाप सलत असेल तर कोणी घेऊ नये हे सविस्तर सांगत होते, असं मला मागाहून कळलं. त्या वेळी मी गुडघा सोडवत होतो.

आधी पावाच्या तुकड्यांची थाळी आली. मी एक तुकडा उचलला, डोळ्यांना लावला आणि घरी न्यायला रुमालात बांधून ठेवला. प्रसाद एकट्यानं खायचा नाही, हे आमच्यावरचे संस्कार. मग एक मोठं तबक आलं. त्याला भोकं, आणि प्रत्येक भोकात औषधाच्या मापाएवढा काचेचा पेला. आत काळसर लाल रस. मी पेला उजव्या तळहातावर रिकामा केला, रस प्राशन केला आणि ओला हात रिवाजाप्रमाणे डोक्यावरून फिरवला. तीर्थ आणि मनुकांचा रस यांत चिकटपणाचा केवढा फरक असतो, ते माझ्या केसांना संध्याकाळपर्यंत कळत होतं.

इथवर झालं ते हसण्यावारी जाण्यासारखं होतं. माझ्या डावीकडे स्वतः भिंगारदिवे बसले होते. तबक त्यांच्यापुढे आलं. त्यांनी हात गुडघ्यावरून उचलला नाही, नुसती मान हलवून ते पुढे जाऊ दिलं. मला वाटलं, यजमान आहेत, पाहुण्यांचं झाल्याशिवाय घेणार नाहीत. मी तबकाची कड धरली, एक पेला काढला, त्यांच्या हातात कोंबला आणि कुजबुजलो, "अहो भिंगारदिवे, तुमचं राहिलं."

माझं कुजबुजणं आमच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर ऐकू जातं, असं माझ्या घरचे म्हणतात. सगळा हॉल वळून पाहू लागला. भिंगारदिव्यांनी त्या पेल्याकडे बराच वेळ पाहिलं. दोन थेंब पांढऱ्या पँटवर पडले. मग त्यांनी तो पेला तबकातल्या त्याच्या भोकात नीट, सरळ ठेवून दिला. पुढच्या बाकावर मुलीला मांडीवर घेऊन बसलेल्या त्यांच्या पत्नी जयमालाबाईंनी मान खाली घातली.

साडेचार वर्षं हा माणूस दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसत होता; त्या दिवशी पाहुण्याच्या सोबतीला म्हणून तेवढा पुढे आला होता. तबक फिरवणारा मंडळीचा पंच, त्यांच्यात त्याला वडीलमाणूस म्हणतात, समजुतीनं त्याच्या अलीकडूनच मागे वळत असे. पाळकसाहेब, जयमालाबाई आणि तो वडीलमाणूस, एवढ्या तिघांना ठाऊक असलेली गोष्ट मी अर्ध्या मिनिटात साऱ्या मंडळीला जाहीर केली. संध्याकाळपर्यंत वाशीतल्या ख्रिस्ती घरांतून एकच विषय होता: भिंगारदिव्यांच्या हातून असं कोणतं पाप झालंय? कोणी म्हणालं, दारू. कोणी म्हणालं, ठाण्याला एक बाई आहे. हे दुसरं म्हणणाऱ्यांच्या आवाजात थोडा आदरही होता, असं ऐकतो.

यांतलं काहीच नव्हतं. भिंगारदिव्यांनी एकदा एक यादी लिहिली होती.

मधुकर शांतवन भिंगारदिवे हा नगर जिल्ह्यातल्या शेवगावकडचा. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. बहात्तरच्या दुष्काळात गावातल्या विहिरींनी तळ दाखवला, तेव्हा चोवीस वर्षांचा मधुकर पत्र्याची ट्रंक घेऊन कुर्ल्याला चुलत्याकडे आला. चुलत्याची खोली दहा बाय दहा, माणसं नऊ. मधुकरला कॉटखालची जागा मिळाली. दोन वर्षं तो तिथं पाय मुडपून झोपला आणि मग ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात टाइमकीपर म्हणून लागला. पुढे लग्न झालं, वाशीला सेक्टर दोनमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला, आणि पहिल्या रात्री पाय लांब करून झोपताना त्याला म्हणे चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

टाइमकीपरचं काम त्याच्या अंगातच होतं. फाटकाशी टाइम ऑफिस, त्याला एक खिडकी, खिडकीशी कार्डावर वेळ छापणारं घड्याळ. कामगार आला की कार्ड घड्याळात घालायचा. एक मिनिट उशीर झाला की भिंगारदिव्यांची लाल शाई. त्या शाईला नातंगोतं नव्हतं. कुर्ल्याहून येत होते तेव्हा एकदा खाडीपुलावर बस बंद पडली आणि ते स्वतःच सात मिनिटं उशिरा पोचले, तर त्यांनी आधी स्वतःच्या कार्डावर लाल खूण केली आणि मगच पाणी प्यायले. अक्षर छापल्यासारखं. साहेबलोक मुलींच्या लग्नाच्या पत्रिकांची पाकिटं त्यांच्याकडून लिहून घेत.

रविवारी ते ख्रिस्ती असत आणि सोमवार ते शनिवार टाइमकीपर. दोन्ही कामं चोख होती आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. इतरांचंही असंच असतं. मी गणपतीत दहा दिवस चपला दाराबाहेर काढतो, एरवी बूट घालून स्वयंपाकघरापर्यंत जातो.

सत्त्याहत्तरच्या सुमाराला त्या पट्ट्यात 'भूमिपुत्र हक्क समिती' निघाली. कारखाने आमच्या मातीत, नोकऱ्या परप्रांतीयांना, हे तिचं म्हणणं. भिंगारदिव्यांना ते पटलं. त्यांचा धाकटा भाऊ मॅट्रिक होऊन गावी बसला होता, आणि कारखान्यातल्या कंत्राटी कामावर मात्र तिरुनेलवेली, गुलबर्गा, गंजाम, आझमगड अशा गावांची माणसं. ते समितीचे सहचिटणीस झाले. नाक्यावरच्या सभांतून बोलू लागले. बोलणं चांगलं होतं. लहानपणापासून वडिलांची प्रवचनं ऐकलेली, त्यामुळे कुठे थांबायचं आणि कुठे आवाज खाली आणायचा हे त्यांना उपजत कळत असे. आपण स्वतः भूमिपुत्र आहोत याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. शेवगाव ते वाशी सगळी एकच माती.

एकोणऐंशीच्या नोव्हेंबरात समितीनं कंपनीकडे मागणी केली की परप्रांतीय कंत्राटी कामगार काढा. कंपनीला माणसं कमी करायचीच होती. फक्त कोण कुठला हे सांगणारी यादी हवी होती आणि हजेरीपट होता भिंगारदिव्यांच्या कपाटात. त्यांनी ती एका दुपारी लिहून काढली. अनुक्रमांक, नाव, काम, गाव, जिल्हा. एक्केचाळीस नावं. प्रत्येकासमोर लाल शाईची एक बारीक खूण. खाडाखोड एकही नाही.

शनिवारी ती एक्केचाळीस माणसं फाटकाबाहेर झाली. कारखान्याच्या भिंतीमागच्या त्यांच्या झोपड्या चार दिवसांत रिकाम्या झाल्या. समितीच्या सभेत भिंगारदिव्यांना झेंडूचा हार घातला गेला. तो त्यांनी घरी आणून कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला टांगला. तिसऱ्या दिवशी, वास येतोय म्हणून जयमालाबाईंनी तो काढून टाकला.

पुढच्या गुरुवारी टाइम ऑफिसच्या खिडकीशी एक ठेंगणा, काळासावळा, पंचविशीतला माणूस येऊन उभा राहिला.

"मी धर्मराज. हेल्पर. मना का काडला?"

भिंगारदिव्यांनी हिंदीत सांगायला सुरुवात केली की कंपनीचा निर्णय आहे, तुम अपने गाँव जाओ.

"गावाशीच आलोय," तो म्हणाला. "शिरवन्याशी. चालत आलोय."

भिंगारदिव्यांनी हजेरीपट काढून पाहिला. कंत्राटदारानं बाकीच्यांची गावं लिहिली होती, याचं नुसतं 'धर्मराज, हेल्पर' एवढंच होतं. ना आडनाव, ना गाव. नाव वाचून त्यांनी ठरवून टाकलं होतं की हा मद्रासी, आणि गावाचा रकाना मोकळा सोडणं जिवावर आलं म्हणून तिथं आपल्या सुंदर अक्षरात 'मद्रास' लिहून टाकलं होतं. कारखान्याशेजारच्या शिरवण्यात सात पिढ्या भात पिकवणाऱ्या घरातला मुलगा त्यांनी एका फटकाऱ्यात सातशे मैल दूर नेऊन ठेवला होता.

दोन तासांत त्याची नोकरी परत मिळाली. साहेबांनी सही केली, समितीनं दिलगिरी कळवली. भिंगारदिव्यांनी त्याला आत बोलावून खुर्ची दिली, चहा मागवला.

"माझी चूक झाली," ते म्हणाले. "तुझं नाव यादीत यायला नको होतं."

धर्मराजनं बशीत चहा ओतला. फुंकर मारली.

"माजं नाव चुकलं. मंग बाकीचं चालीस बरोबर?"

"ते बाहेरचे आहेत."

"आनि तुमी?"

"मी नगरचा. महाराष्ट्रातला."

धर्मराज हसला. त्याला हा माणूस मनापासून गमतीदार वाटला असावा. "साहेब, तुमी जिथं खुर्ची टाकून बसलाय ना, तिथं आमचं खलं व्हतं. माजा आजा हितं भात झोडायचा. सरकारनी जमीन घेतली, तुमाला दिली. तुमी आलात. आमी तुमाला कदी इचारलं, कंच्या गावचं? नगर काय नि मद्रास काय, आमच्या लेखी खाडीपलीकडचंच. तुमच्या यादीतल्या त्या शिवमुनी भय्याचा नि माजा डबा एक व्हता. तो मना भाकरीवर लोनचं द्यायचा. तुमी कदी दिलंत?"

एवढं बोलून त्यानं बशी पालथी घातली आणि कामावर गेला. भिंगारदिव्यांनी त्या दिवशी हजेरी दोनदा मोजली तरी जुळेना.

डिसेंबरचा पहिला रविवार हा प्रभुभोजनाचा. आदल्या दिवशी जयमालाबाई घरी मनुका उकळून रस काढत. मंडळीचं ते काम त्यांच्याकडे असे, आणि शनिवारभर त्या दोन खोल्यांत गोडसर वास भरून राही. रविवारी पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे सांगितलं की ज्या कोणाचं आपल्या भावाशी वाकडं असेल त्यानं आधी जाऊन ते मिटवावं आणि मग या मेजाशी यावं. भिंगारदिवे हे वयाच्या चौदाव्या वर्षापासून ऐकत आले होते. आपण कारखान्याचा भोंगा ऐकतो तसं. त्या दिवशी मात्र पाळकसाहेब 'भाऊ' म्हणाले आणि त्यांच्या डोक्यात अनुक्रमांक एकपासून हजेरी सुरू झाली.

त्यांनी आपल्या परीनं प्रतिकार केला. बॉयलरवरचा गुलबर्ग्याचा हेल्पर हा त्या अर्थी भाऊ होत नाही, असं स्वतःला समजावून पाहिलं. टाइमकीपरच्या बारकाईनं त्यांनी तो सगळा उपदेश मनात पुन्हा वाचला, पण रहिवासाच्या दाखल्याची अट त्यांना कुठेच सापडली नाही. तबक समोर आलं. एकविसावं नाव चालू होतं. त्यांनी तबक पुढे जाऊ दिलं.

घरी आल्यावर जयमालाबाईंनी विचारलं, "बरं नाही का?"

"चाळीस माणसं," भिंगारदिवे म्हणाले.

जयमालाबाईंनी ताटं मांडली. जेवणं झाली. भांडी घासून झाल्यावर त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. "मग जा की त्यांच्याकडे. इथं बसून काय?"

जायचं कुठे, हाच प्रश्न होता. भिंतीमागे चुलींच्या काळ्या खुणा आणि एक फुटकं मडकं एवढंच उरलं होतं. ते समितीच्या बैठकीला गेले आणि उभे राहून चाळीस नावं वाचली, गावांसकट. सगळ्यांना वाटलं, नवी यादी आणली. टाळ्या पडल्या. मग त्यांनी सांगितलं की यांना परत घ्या म्हणून आपण कंपनीला लिहू या. अध्यक्ष म्हणाले, "भिंगारदिवे, तब्येत बरी आहे ना? तुमचा धर्म घरी ठेवा." कोपऱ्यातला एकजण म्हणाला, "यांच्या धर्माचं मूळच परदेशी, मग कळवळा यायचाच." महिनाभरापूर्वी हार घालणारा तो हाच होता. भिंगारदिव्यांनी राजीनामा तिथंच लिहून दिला. त्यातही खाडाखोड नव्हती.

चर्चमध्ये वडीलमंडळींना वाटलं, हे प्रकरण अंगाशी येईल. "मधुकरभाऊ, राजकारण फाटकाबाहेर ठेवा," एक वडील म्हणाले. भिंगारदिवे म्हणाले, "हेरोद राजा मारायला उठला तेव्हा येशूला काखेत घेऊन आईबाप मिसर देशात पळाले. तिथं त्यांना कोणी फाटकाबाहेर ठेवलं असतं, तर आपण आज इथं कशाला जमलो असतो?" वडील म्हणाले, "तो भाग वेगळा." तिकडे धर्म नको, इकडे राजकारण नको. दोन्हींच्या उंबऱ्यावर हा माणूस तसाच उभा राहिला.

कंपनीनं कोणालाही परत घेतलं नाही. मग भिंगारदिव्यांनी चाळीस पोस्टकार्डं आणली. यादीत गावं होतीच. हिंदी त्यांना कामापुरती येत होती, पण माफी मागायला माणसाला स्वतःचीच भाषा लागते. त्यांनी कचेरीच्या वळणाच्या मराठीत लिहिलं: 'आपणांस कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आपले नाव माझ्या हातून यादीत गेले. तरी कृपया क्षमा असावी.' खाली सही आणि पूर्ण पत्ता. चाळीस वेळा. आठ संध्याकाळी लागल्या. टाइम ऑफिसात एक पद्धत होती. महिना संपलेलं कार्ड कोणी पुन्हा घड्याळात घालू नये म्हणून त्याचा वरचा कोपरा कात्रीनं उडवायचा. हाताला ती सवय लागलेली. प्रत्येक पोस्टकार्ड लिहून झालं, वहीत त्याची नोंद झाली, की भिंगारदिवे त्याचा कोपरा कापत आणि बाजूला ठेवत.

अकरा कार्डं परत आली. एकोणतीस कार्डांचं काहीच कळलं नाही. पोस्टमन जिन्यात आला की ते दार उघडून उभे राहत. पोस्टमनला वाटे, यांचं नोकरीचं काहीतरी अडलंय.

ब्याऐंशीत मी त्या इमारतीत राहायला गेलो, तेव्हा मला दिसले ते हे भिंगारदिवे. दर शनिवारी दुपारी रेशन ऑफिसबाहेरच्या पायरीवर बसून नव्यानं आलेल्या लोकांचे अर्ज भरून द्यायचे. तामिळ, ओडिया, भोजपुरी, कोणी का असेना. गावाचा रकाना आला की पेन थांबवून विचारायचे, दोनदा विचारायचे, मगच लिहायचे. माझा समज असा की हा माणूस परप्रांतीयांच्या प्रेमात आहे. तसं मी एकदा म्हणालो, तर ते म्हणाले, "छे हो. वरच्या मजल्यावरचा तो रेडिओ ऐकता ना? डोकं उठतं. त्यांचं ते खोबरेल तेलातलं तळणसुद्धा मला सोसत नाही. शेजाऱ्यावर प्रीती करायला सांगितलंय, पेडणेकर. तो आवडला पाहिजे अशी अट नाही."

पंचाऐंशीच्या निवडणुकीत समितीचेच जुने अध्यक्ष उमेदवार म्हणून हात जोडत आमच्या मजल्यावर आले. बाहेरच्यांना बाहेर घालवू, हेच त्यांचं वचन होतं. भिंगारदिव्यांनी त्यांना बसवलं, जयमालाबाईंनी सरबत दिलं.

"घालवायचं तर यादी लागेल," भिंगारदिवे म्हणाले.

"लागेलच."

"ती कोण लिहिणार?"

उमेदवार हसले. "तुमच्यासारखं अक्षर कोणाचं आहे आता?"

"म्हणूनच विचारतोय. लिहिणाऱ्याला आधी सांगून ठेवा, पुढे झोप लागत नाही."

उमेदवारांनी सरबत अर्धवट ठेवलं. मी दारात उभा राहून हे ऐकत होतो आणि मला हसू येत होतं. मला तेव्हा पुष्कळ गोष्टींचं हसू येत असे.

चर्चमधल्या माझ्या त्या पराक्रमानंतर मी त्यांची माफी मागायला गेलो होतो, तेव्हा गच्चीवर टाकीच्या सावलीत बसून त्यांनीच मला ही सारी हकीकत सांगितली होती. मी म्हणालो होतो, तुमचे पाळकसाहेब काय म्हणतात? ते म्हणाले, "म्हणतात, मधुकर, देवाची क्षमा ही हजेरी नव्हे. मोजून मिळत नाही, फुकट मिळते. पेला घे." "मग घ्या की," मी म्हणालो. "त्यांचं बरोबर आहे. पण देवानं माफ केलं हे मला कळतं, त्या चाळीसांतल्या एकाला तरी कळलंय का? निदान एकानं माझ्या तोंडाकडे बघून हो किंवा नाही म्हणावं." त्यानंतर जयमालाबाईंच्या मनुकांचा वास जिन्यात आला की मी पायरीवर थोडा थांबत असे. घरात रस करणारी ती आणि तो न घेणारा हा.

सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत एका सकाळी धर्मराज आला. तो आता कायम झाला होता, जाड झाला होता, आणि भिंगारदिव्यांना हक्कानं मामा म्हणत होता.

"मामा, लोनचं द्यायचा तो शिवमुनी गावला. कलंबोलीला हाय. लोखंडाच्या बाजारात, ट्रक भरतो."

भिंगारदिव्यांनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा न कळवता रजा घेतली. मला म्हणाले, "चला." मला का, ते विचारायचं सुचलं नाही. धर्मराजला कामाची पाळी होती, म्हणून आम्ही दोघंच एस.टी.नं निघालो. वाटेत त्यांनी मला तीनदा विचारलं की शर्टाचा हा रंग फार भडक दिसतो का.

कळंबोलीचा बाजार तेव्हा नुकता वसत होता. उघड्या मैदानात सळयांचे ढीग, ट्रकच्या रांगा, धूळ. शिवमुनी एका ट्रकच्या सावलीत गमछ्यानं मान पुसत बसला होता. केस पिकले होते. त्यानंच आधी ओळखलं.

"अरे, टाइमबाबू."

भिंगारदिवे उभेच राहिले. वाटेत जुळवलेली वाक्यं बहुधा सगळी निसटली. "शिवमुनी, तुम्हारा नाम मैंने लिखा था. वो जो निकाला था ना सबको, वो लिस्ट मेरे हाथ की थी."

शिवमुनीनं गमछा खांद्यावर टाकला. "आपकी? हम तो समझे ठेकेदार का काम था. सात साल से उसी को गाली दे रहे हैं."

मी हसलो. शिवमुनीही हसला. भिंगारदिवे हसले नाहीत.

"माफ करना," ते म्हणाले.

"छोड़ो बाबू. पेट का धंधा है, कहीं न कहीं मिल जाता है. बैठो, चाय पियो." त्यानं टपरीकडे हात करून तीन चहा सांगितले, आम्हाला सळयांवर बसायला गोणपाट टाकून दिलं. माझ्या मनात आलं, एवढंच होतं तर. एवढ्यासाठी सात वर्षं.

चहा संपत आला तेव्हा भिंगारदिव्यांनी विचारलं, "एक चिट्ठी डाली थी मैंने. गाँव के पते पर. मिली थी?"

शिवमुनीचा पेला तोंडाशी थांबला. "कौन सी? वो कोना कटा पोस्टकार्ड?"

"हाँ, कोना तो मैं…"

"वो आपने भेजा था?"

मग त्यानं सांगितलं. सांगताना तो हसतच होता. त्यांच्याकडे कोपरा कापलेलं पोस्टकार्ड म्हणजे घरातलं कोणी गेल्याची बातमी. असं कार्ड कोणी घरातसुद्धा घेत नाही. गावच्या मास्तरनं दारातच वाचलं. भाषा कळेना, पण 'अत्यंत दुःख' कळलं, शिवमुनीचं नाव कळलं, बंबईचा शिक्का कळला. मास्तरनं टोपी काढली. आईनं अंगणात लोळण घेतली. बायकोच्या बांगड्या फोडल्या. तेरावं झालं, गावजेवण झालं. आणि होळीला शिवमुनी स्वतः बंबईहून पिशवी घेऊन दारात उभा राहिला, तर आईनं भूत समजून लोटा फेकून मारला. त्यानं कपाळावरची खूण दाखवली.

"औरत को नई चूड़ियाँ दिलाईं," तो म्हणाला. "माँ तो बाद में भी हमको छू छू के देखती थी. दो साल हुए, गई. आख़िर तक पूछती रही, किसने ऐसा किया, हमने किसी का क्या बिगाड़ा था."

भिंगारदिव्यांनी पेला खाली ठेवला. तो ठेवायला त्यांना सपाट जागा सापडेना, म्हणून मी त्यांच्या हातातून घेतला. शिवमुनीला त्यांचा चेहरा दिसला असावा. त्यानं आपला खरबरीत हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. "अब काहे का, बाबू. आपने तो भले के लिए लिखा था. माफ है. दिल से माफ है." आम्ही निघालो तेव्हा तो ट्रकवर चढला होता आणि वरून हात हलवत होता.

परतीच्या एस.टी.त भिंगारदिवे खिडकीशी बसले. खिडकीतून येणारी धूळ अंगावर घेत राहिले, काच ओढली नाही. बेलापूरची टेकडी गेली, दिवाळ्याकडून सुक्या मासळीचा वास आला आणि गेला. मला ती शांतता सोसवेना. आयुष्यभर मी शांतता मोडायचंच काम केलेलं आहे.

"भिंगारदिवे," मी म्हणालो, "त्यानं तुमच्या तोंडाकडे बघून माफ केलं, वर चहा पाजला. तुम्हाला हवं होतं ते मिळालं. सुटलात आता."

त्यांनी खिडकीची काच ओढून घेतली.

"एकोणचाळीस राहिलेत."